काळ्या घोड्यापासून जुन्या मशिदीपर्यंत

(शब्बाथ संपल्यानंतर आपल्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाच्या ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन.)



मुंबई हा विषय या सभागृहाला नवा नाही. इथे बसलेल्या वडीलधाऱ्या मंडळींपैकी बहुतेकांची नाळ तिथेच पुरलेली आहे, आणि दोन माणसे एकत्र आली की भायखळा, माझगाव, आग्रीपाडा ही नावे निघतातच. तेव्हा तुम्हांला मुंबई सांगण्याचा अधिकार मला आहे असे मी मानत नाही. मला सांगायचे आहे ते एवढेच की, वयाच्या चौदाव्या वर्षी सोडलेले शहर साठ वर्षांनी मी एका अनोळखी मुलीच्या मागोमाग पायी पाहिले, आणि त्या फिरण्यात माझ्या पदरात काही ज्ञान पडले व काही अज्ञानही उघडे झाले. ते दोन्ही तुमच्यापुढे ठेवावे या हेतूने मी उभी आहे.

दोन वर्षांपूर्वी माझा नातू सैन्यातील सेवा संपवून, इथल्या मुलांच्या रिवाजाप्रमाणे, भारतात फिरायला निघाला. ‘आजी, तूही चल,’ असे तो म्हणाला म्हणून मी गेले. त्याला मराठी कळते, पण उत्तर तो हिब्रूतच देतो. मुंबईत पोहोचल्यावर त्याने दोघांची नावे एका वारसा फेरीत नोंदवली. हल्ली तिथे अशा फेऱ्या निघतात. दहा-पंधरा माणसे सकाळी एका ठिकाणी जमतात, एक जाणता मार्गदर्शक पुढे चालतो, इमारतीसमोर थांबून तिची हकीकत सांगतो आणि दोन-अडीच तासांनी फेरी संपते. आमच्या फेरीचा विषय होता ‘ज्यूंची मुंबई’. मार्गदर्शक होती वास्तुकलेचे शिक्षण घेतलेली पंचविशीतली एक मराठी मुलगी.

फेरीची सुरुवात काळा घोडा चौकात झाली. तिथे तिने पहिला प्रश्न विचारला, ‘या चौकाला काळा घोडा का म्हणतात?’ तिथे १८७९ साली युवराज एडवर्ड यांचा काशाचा अश्वारूढ पुतळा बसवला गेला. त्याचा खर्च सर अल्बर्ट अब्दुल्ला ससून यांनी केला होता. लोकांनी युवराजाचे नाव घेतले नाही, त्याच्या घोड्याचे घेतले. पुढे १९६५ साली पुतळा तिथून हलवला आणि आज तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. पन्नासहून अधिक वर्षे चौकात घोडा नव्हता, तरी नाव काळा घोडाच राहिले. अखेर २०१७ साली तिथे नवा घोडा उभा केला गेला, या वेळी स्वाराशिवाय. ती म्हणाली, ‘दगड आणि धातू जागचे हलतात, नाव हलत नाही. म्हणून शहर पाहताना नावांकडे लक्ष द्या.’ हे वाक्य पुढे माझ्याच उपयोगी पडणार होते, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते.

मग तिने आम्हांला इमारत कशी वाचावी ते शिकवले. आधी जमिनीलगतचा दगड पाहायचा, मग दारे-खिडक्यांच्या कमानी पाहायच्या आणि शेवटी मान वर करून छप्पर पाहायचे. फोर्टातील गेल्या शतकाच्या मागच्या शतकातील इमारतींत मालाडचा पिवळसर दगड, कुर्ल्याचा दगड, मुंबईचा काळा पाषाण आणि पोरबंदरचा फिकट दगड पुन्हा पुन्हा दिसतात. हा दगड ओळखता आला की इमारत कोणत्या काळातली असावी याचा अंदाज बांधता येतो. मुंबईचा तटबंदीचा किल्ला १८६०च्या दशकात, गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत पाडला गेला. त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले होते आणि मुंबईत पैशाचा पूर आला होता. तट पडल्याने जागा मोकळी झाली, कापसाने पैसा दिला, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत हायकोर्ट, विद्यापीठ व त्याचा राजाबाई मनोरा, बोरीबंदरचे स्टेशन अशी एकामागून एक भव्य बांधकामे झाली. ओव्हल मैदानाच्या एका बाजूला ही गॉथिक शैलीची रांग आणि समोरच्या बाजूला विसाव्या शतकातील आर्ट डेको शैलीची घरे, अशा एकूण ९४ इमारतींच्या समूहाला २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला.

काळा घोडा चौकासमोरच दाविद ससून ग्रंथालय आहे. मुंबईच्या सरकारी टांकसाळीतील आणि गोदीतील तरुण कारागिरांनी १८४७ साली स्थापन केलेल्या संस्थेतून ते वाढले आणि आजची इमारत १८७० साली पुरी झाली. दर्शनी भाग मालाडच्या पिवळ्या दगडाचा, कमानी टोकदार, आणि प्रवेशद्वारावर दाविद ससून यांचे शिर कोरलेले. बगदादेत १७९२ साली जन्मलेला हा माणूस १८३०च्या दशकात मुंबईत आला आणि तीस वर्षांत शहरातील मोठ्या व्यापाऱ्यांत गणला गेला. १८६४ साली तो पुण्यात वारला. पुण्याच्या लाल देवळाच्या आवारात त्याची कबर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली आहे.

तिथून आम्ही केनेसेथ एलियाहूत गेलो. १८८४ सालचे हे सिनेगॉग जेकब ससून यांनी वडिलांच्या स्मरणार्थ बांधले. आपल्या आठवणीतला त्याचा आकाशी निळा रंग आता उरलेला नाही. २०१९ साली जीर्णोद्धार पुरा झाला तेव्हा निळा रंग उतरवून मूळचे रूप परत आणले गेले. खालचा मजला दगडी आहे, प्रार्थनागृह वरच्या मजल्यावर आहे. पश्चिमेच्या बाजूला हेखाल आणि त्यामागे रंगीत काचांची मोठी खिडकी. नातवाने विचारले, ‘पश्चिमेला का?’ मी म्हटले, ‘अरे, तिथून येरुशलायीम पश्चिमेला नाही का?’ इस्रायलमध्ये वाढलेल्या मुलाला ही गोष्ट सुचलीच नव्हती. इथे आपण येरुशलायीमच्या जवळ राहतो. तिथे आपले पूर्वज अरबी समुद्राकडे तोंड करून प्रार्थना करीत होते.

फोर्टातून गाडीने भायखळ्याला आलो. १८६०च्या दशकात दाविद ससून यांनी उभारलेले मागेन दाविद, त्याचे उंच खांब, घड्याळाचा मनोरा आणि बाजूची जेकब ससून शाळा आम्ही पाहिली. त्या शाळेत आता बहुतेक विद्यार्थी मुसलमान कुटुंबांतले आहेत आणि एकाच आवारात शाळा व सिनेगॉग शांतपणे नांदत आहेत. इथे त्या मुलीने सर्वांचे आभार मानले. फेरी संपली.

बंधुभगिनींनो, मी थोडी थांबले. अडीच तास ‘ज्यूंची मुंबई’ पाहिली आणि त्यात बेने इस्राएल हा शब्द एकदा आला, तोही ‘याखेरीज कोकणातून आलेले बेने इस्राएलही होते’ अशा अर्धवट वाक्यात. मी तिला बाजूला घेऊन विचारले, ‘मुली, आणि मशीद बंदर? सॅम्युअल स्ट्रीट? इस्राएल मोहल्ला?’

ती प्रामाणिक होती. म्हणाली, ‘आजी, तिकडे गर्दी फार आणि पाहण्यासारख्या इमारती थोड्या, म्हणून आमच्या मार्गात तो भाग घेतलेला नाही. तुम्ही दाखवणार असाल तर मी उद्या येते.’

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे मशीद स्टेशनाच्या पुलावर भेटलो. आज मार्गदर्शक मी होते. मी मोठ्या थाटात सांगायला सुरुवात केली, ‘या स्टेशनाचे नाव आपल्या जुन्या मशिदीवरून पडले. आपले लोक सिनेगॉगला मशीदच म्हणत. शाआर हाराहामीम ही जुनी मशीद आणि शाआरे रासोन ही नवी.’ तिने वही काढली आणि अगदी आदराने विचारले, ‘आजी, याला आधार काय?’

मी गप्प राहिले. आधार असा की आजीने मला सांगितले आणि आजीला तिच्या सासूने. याखेरीज माझ्या हाती काहीही नव्हते.

पुढे सॅम्युअल स्ट्रीटवर आलो. हातगाड्या, पाठीवर गोणी घेतलेले माथाडी, सुक्या मेव्याची आणि घाऊक मालाची दुकाने, यांतून वाट काढीत आम्ही शाआर हाराहामीमपर्यंत पोहोचलो. मोठ्या खांबांची शोभा नाही, घड्याळ नाही. माहिती नसलेला माणूस समोरून निघून जाईल. पण १७९६ साली मुंबईत ज्यूंचे पहिले सिनेगॉग स्थापन झाले ते हेच, आणि आजची वास्तू १८६०ची. ससून घराण्याचा मूळ पुरुष जन्मला त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी आपल्या लोकांनी इथे सेफेर तोरा आणली होती. पुढे बगदादी कुटुंबे मुंबईत आली तेव्हा सुरुवातीला त्यांनीही आपल्याच सिनेगॉगमध्ये प्रार्थना केली. हे मी त्या मुलीला सांगितले तेव्हा तिने लिहायचे थांबवून वर पाहिले. कारण तिच्या फेरीत ज्यूंची मुंबई १८३०च्या दशकात सुरू होत होती.

संस्थापक सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युअल इझेकिएल दिवेकर, हे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील देशी अधिकारी. ते व त्यांचे बंधू टिपू सुलतानाच्या कैदेत पडले, टिपूच्या आईने ‘हे तर बेने इस्राएल’ असे म्हणून त्यांचा जीव वाचवला, आणि सुटल्यावर प्रार्थनामंदिर बांधण्याचा नवस त्यांनी पुरा केला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. रस्त्याचे सॅम्युअल हे नाव त्यांच्यावरूनच.

आपले लोक याच भागात का वसले, हेही पायी फिरताना कळते. नकाशात पाहिले तर मशीद बंदर, चिंचबंदर अशी बंदरांची नावे शेजारी शेजारी दिसतात. अलिबाग, रेवदंडा, पनवेल या बाजूची माणसे गलबतांतून मुंबईला उतरत ती या पूर्व किनाऱ्यावर. तेलाचे घाणे गावी सोडून आलेल्या आपल्या शनिवार तेल्यांना जिथे नाव लागे त्याच्या जवळ खोली हवी होती, आणि फौजेची, गोदीची, सुतारकामाची व बांधकामाची कामे चालण्याच्या अंतरावर हवी होती. शब्बाथला वाहन वापरायचे नाही, तेव्हा सिनेगॉगही चालण्याच्या अंतरावर हवे. तांतणपुरा भागातील शाआरे रासोन १८४०च्या दशकातले, जुन्या मशिदीपासून पायी जाण्याइतके जवळ. पुढे बरी नोकरी लागली, मुले शिकली, तशी कुटुंबे माझगाव, भायखळा, आग्रीपाडा, सात रस्ता असे उत्तरेला सरकली, आणि सिनेगॉगही त्यांच्या मागून गेली. आग्रीपाड्याचे मागेन हासिदीम १९०४ सालचे. सिनेगॉगांच्या स्थापनेची साले ओळीने लावली तर आपल्या समाजाच्या स्थलांतराचा रस्ता नकाशावर आखता येतो. हे मला त्या दिवशी प्रथम उमगले आणि त्या मुलीलाही.

आमची चाळ मात्र मला सापडली नाही. कोपऱ्यावरचा पिंपळ आणि समोरची पाणपोई या खुणा मी धरून ठेवल्या होत्या. त्यांतले काहीच उरलेले नव्हते आणि जिथे चाळ असावी तिथे उंच इमारतीचे काम चालू होते. नातू दोनदा म्हणाला, ‘आजी, नक्की कुठे?’ मला बोट दाखवता आले नाही. त्याने फोन खिशात ठेवला. फोर्टातल्या प्रत्येक कमानीचे छायाचित्र त्याने काढले होते. जिथे त्याच्या पणजीने सेदेरचे ताट मांडले, तिथले एकही निघाले नाही.

त्याच दुपारी माझी आणखी एक फजिती झाली, तीही सांगते. सात रस्त्याला तिफेरेथ इस्राएलकडे जाताना मी म्हटले, ‘हे जेकब सर्कल, आपल्याच कुणा याकोवच्या नावाचे.’ लहानपणी वडिलांनी तसे सांगितले होते आणि शेजारी सिनेगॉग असल्याने शंकाही आली नव्हती. ती मुलगी संकोचत म्हणाली, ‘आजी, ते जनरल ले ग्रँड जेकब यांच्या नावाचे आहे. ते इंग्रज अधिकारी होते.’ तिचे म्हणणे खरे होते. आता त्या चौकाला संत गाडगे महाराजांचे नाव आहे. पण तिथून जवळ, महालक्ष्मीवरून वरळीकडे जाणारा डॉ. ई. मोझेस मार्ग मात्र खरोखर आपल्या माणसाचा. डॉ. इलायजा मोझेस राजपूरकर १९३७-३८ साली मुंबईचे महापौर होते. खोटे नाव मी अभिमानाने सांगितले आणि खरे नाव, जे हजारो लोक रोज पत्त्यात लिहितात, ते सांगायचे राहून जात होते.

परत आल्यावर मी या सगळ्यावर पुष्कळ विचार केला. सुरुवातीला त्या फेरीवाल्यांचा राग आला होता. तो टिकला नाही. ससूनांचा इतिहास त्यांना सांगता येतो, कारण तो दगडात आहे, पाटीवर आहे, दानपत्रात आहे. शिवाय त्या घराण्याने शहराला जे दिले ते थोडे नाही. आपला इतिहास भाड्याच्या खोलीत झाला. खोली मालकाची, चाळ दुसऱ्याची, आणि आपण एक दिवस सामान बांधून आगबोटीत किंवा विमानात बसलो. मागे राहिली सिनेगॉग, कबरस्ताने, १८७५ साली हाईम सॅम्युअल केहिमकरांच्या प्रयत्नाने सुरू झालेली आणि पुढे सर एली कदुरी यांच्या नावाने ओळखली गेलेली माझगावची शाळा, आणि काही रस्त्यांची नावे. बाकीचे सारे आपण बरोबर घेऊन आलो. लोद, रामले, अश्दोद, दिमोना, बेअर शेवा इथल्या कपाटांत ते आहे. मग मुंबईतल्या मार्गदर्शकाला ते कुठून सापडावे?

म्हणून माझी सूचना अशी आहे. इस्राएल मोहल्ल्याच्या फेरीची संहिता आपण इथे बसून तयार करावी. इथली मुले दरवर्षी मुंबईला जातात. त्यांच्या हाती ती द्यावी आणि मुंबईत फेऱ्या नेणाऱ्यांनाही पाठवावी. मात्र ती लिहिताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. ज्याला कागद किंवा शिलालेख आहे ते ‘नोंद’ म्हणून लिहावे. जुन्या मशिदीचे १७९६ हे साल, डॉ. मोझेस यांचे महापौरपद ही नोंद आहे. जे पिढ्यान्‌पिढ्या ऐकले ते ‘सांगीव’ म्हणून लिहावे. टिपूच्या आईची कथा सांगीव आहे आणि मशीद स्टेशनाचे नावही मी आज सांगीवच म्हणेन. ते खोटे आहे असे नव्हे, पण ‘आधार काय?’ या प्रश्नाला उत्तर मिळेपर्यंत त्याची जागा तीच. आणि जो आपला तर्क आहे तो ‘तर्क’ म्हणून लिहावा. बंदरांजवळ आपण का वसलो याविषयी मी मघाशी बोलले, त्यात बराच तर्क आहे. एक चुकीचे जेकब सर्कल संहितेत शिरले तर वाचणारा आपल्या १७९६वरही विश्वास ठेवणार नाही.

कागद कुठले, असे तुम्ही विचाराल. केतुबा काढून पाहा. लग्न कोणत्या सिनेगॉगमध्ये लागले ते त्यावर असते. शाळा सोडल्याचा दाखला, लग्नाची छापील आमंत्रणपत्रिका, नोकरीचे प्रमाणपत्र, भारतीय पासपोर्ट, आलीयाच्या वेळी भरलेले अर्ज, जुनी पत्रे आणि त्यांचे लिफाफे पाहा. लिफाफ्यावर पत्ता असतो, तिकिटावर तारखेचा शिक्का असतो. मुंबईत छापलेल्या मराठी प्रार्थनापुस्तकांच्या पहिल्या पानावर छापखान्याचा पत्ता असतो. आतल्या कोऱ्या पानावर पुष्कळदा घरातल्या मुलांच्या जन्मतारखा असतात. अशा पन्नास घरांचे कागद एकत्र आले तर कोणत्या गल्लीत, कोणत्या साली, कोणती कुटुंबे राहत होती हे नकाशावर मांडता येईल. मूळ कागद कुणी देऊ नयेत. छायाचित्र पुरे. आणि ज्यांच्या घरात ऐंशी-नव्वदीची माणसे आहेत त्यांनी हे काम पुढच्या पेसाखपर्यंत लांबवू नये, अशी माझी विनंती आहे. सेदेरच्या रात्री आपण प्रश्न विचारण्याचा मान सर्वांत लहान मुलाला देतो. त्या रात्रीआधी मोठ्यांनी आपली उत्तरे तपासून ठेवावीत.

माझ्यापुरती सुरुवात मी केली आहे. मुंबईहून परतल्यावर आईची पत्र्याची पेटी उघडली. तीत वडिलांच्या नावे मामांनी कोकणातून पाठवलेले एक पोस्टकार्ड निघाले. मजकूर सारा आंब्यांच्या पेटीविषयी आहे. पण पत्त्यात आमच्या चाळीचे नाव, खोलीचा क्रमांक आणि गल्लीचे नाव स्वच्छ वाचता येते. त्याचे छायाचित्र मी नातवाला पाठवले आणि त्या मुलीलाही. चार दिवसांनी तिचे उत्तर आले. जुन्या नकाशावर तिने ती जागा शोधून काढली होती, आणि ज्या बांधकामासमोर आम्ही उभे राहिलो होतो त्याच्या पलीकडची ती तिसरी जागा होती. मी चुकीच्या ठिकाणी डोळे पुसले होते. खाली तिने लिहिले होते, ‘आजी, पुढच्या फेरीत हा थांबा घेतला आहे. इथे काय सांगू, ते लिहून पाठवा.’

ते लिहून पाठवण्यासाठी मला तुम्हां सर्वांची मदत हवी आहे. पुढच्या शब्बाथनंतर मी याच सभागृहात टेबल मांडून बसेन. येताना एक कागद घेऊन या.